वर्गणीचे टी-शर्ट

आषाढ सरत आला की बेळगावात मंडळांच्या बैठका सुरू होतात. मूर्ती कुणाकडून घ्यायची, मांडव केवढा घालायचा, ढोल-ताशा कुठला सांगायचा हे सगळं ठरलं की कुणीतरी टी-शर्टचा विषय काढतं. मग पोरं आमच्या शहापुरातल्या प्रिंटिंगच्या खोलीत येतात, मोबाइल पुढं धरतात आणि म्हणतात, ‘‘काकी, इथं तर नव्वदला मिळायलंय की!’’

नव्वदला मिळतो, हे खरं आहे. कोरे टी-शर्ट घाऊक भावानं विकणारे आता मोबाइलवर शेकड्यानं दिसतात. पूर्वी हुबळीच्या नाहीतर कोल्हापूरच्या एखाद्या होलसेलवाल्यावर विसंबून राहावं लागायचं. आता घरबसल्या थेट तमिळनाडूतल्या तिरुपूरशी, टी-शर्ट बनतात त्या गावाशी, बोलता येतं आणि त्याचा फायदा घ्यायलाच हवा. माझं सांगणं एवढंच असतं, की पैसे वाचतात ते त्या मोठ्या अक्षरातल्या आकड्यात वाचत नाहीत. ते वाचतात कापड ओळखण्यात, मापांची यादी नीट करण्यात आणि ऑर्डर वेळेवर देण्यात. हे पैसे मंडळाचे असले तरी मंडळाकडे आलेत कुठून? कुणी पन्नास दिलेत, कुणी शंभर. त्यात पापड लाटणारी आहे, भाजी विकणारी आहे, दुसऱ्याच्या मागावर काम करणारा आहे. म्हणून एकेका रुपयासाठी मी पोरांशी तासतास बोलत बसते आणि मला त्याचा कंटाळा येत नाही.

माझं माहेर वडगावचं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टा विणकरांचा. घरात यंत्रमाग होते आणि वडील कुठलंही कापड हातात आलं की अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळायचे. भाव त्यानंतर विचारायचे. ऑनलाइन खरेदीत हा अंगठाच नाही. फोटोत सगळे टी-शर्ट सारखेच दिसतात. मग अंगठ्याच्या जागी आकडे धरावे लागतात आणि ते आकडे कळले की निम्मी फसवणूक तिथंच थांबते.

पहिला आकडा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मिरवणुकीच्या कॉटन टी-शर्टला १८० जीएसएम चांगलं. १६० चालतं, पण त्याखाली उतरलं की पांढऱ्या रंगात आतलं बनियन दिसतं आणि चार धुण्यांत गळा लोंबतो. विकणारा १८० लिहितो, पण ते १८० आहे की नाही हे घरी तपासता येतं. एक सॅम्पल पीस मागवायचा. त्याच्या पाठीतून बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापायचा आणि सराफाच्या काट्यावर ठेवायचा. काटा १.८ ग्रॅम दाखवत असेल तर कापड १८० जीएसएमचं, १.५ दाखवत असेल तर दीडशेचं. आमच्या इथं सराफ गल्ली जवळच आहे. एवढासा तुकडा तोलून द्यायला कुणी नाही म्हणत नाही. शंभर पीसच्या वर ऑर्डर असेल तर एक टी-शर्ट कापून वाया घालवायला मागंपुढं पाहू नये.

त्याच टी-शर्टच्या उरलेल्या भागावर पेनानं १० इंचांचा चौकोन आखायचा, साध्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. अर्धा इंच कमी भरला तर कापड ५ टक्के आटतं. म्हणजे लांबी २८ इंच असेल तर जवळजवळ दीड इंच गेली. बाजूची शिवण फिरून पोटावर आली असेल तर कापडाला पीळ आहे. तो प्रिंट मारल्यावर जास्तच दिसतो, कारण छातीवरचा गणपती तिरका होतो. शेवटी कापडातलाच एक धागा, शिलाईचा नव्हे, ओढून काडी लावायची. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि राख बोटात भुगा होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. ‘शंभर टक्के कॉटन’ लिहिलेल्या पीसमधून असा मणी निघाला की पुढचं बोलणं करायचंच नाही.

दुसरा आकडा सुताचा काउंट. ३० नंबरचं सूत, २४ नंबरचं सूत असं जे म्हणतात, त्याचा हिशेब जुना आहे: ८४० यार्डांची एक लड, अशा किती लडी एका पौंडात बसतात तो नंबर. नंबर वाढेल तसं सूत बारीक. त्यातही सूत कोम्ब्ड आहे का विचारायचं, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेले. आणि कापडाला बायो-वॉश झालंय का, म्हणजे एन्झाइमनं वरची लव काढलीय का. ही दोन कामं झालेली नसली की टी-शर्ट दुकानात छान दिसतो आणि महिन्याभरात त्याच्यावर गोळे येतात. शिवाय लवेमुळं प्रिंटची शाई नीट बसत नाही, हे आम्हा प्रिंटिंगवाल्यांचं दुखणं.

लडीचा हा हिशेब करताना मला नेहमी आमच्या गावातलं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. गांधीजी अध्यक्ष होते ते हे एकच अधिवेशन, आणि ते बेळगावात भरलं. चार आण्यांऐवजी महिन्याला २००० यार्ड सूत ही सभासदाची वर्गणी, असं त्यात ठरलं. मी एकदा बसून गणित केलं. ३० नंबरच्या सुताचा, १६० ग्रॅम वजनाचा टी-शर्ट धरला तर त्यात जवळपास ९००० यार्ड सूत जातं. म्हणजे त्या वेळच्या सभासदाची साडेचार महिन्यांची वर्गणी एका टी-शर्टात. तेव्हाचं हातसूत जाड असायचं, ते वेगळं. पण नव्वदची किंमत ऐकली की हे ९००० यार्ड डोळ्यांसमोर येतात आणि वाटतं, यात कुणाच्या तरी मजुरीतून काहीतरी कापलं गेलंय.

‘‘इचलकरंजीहून का आणत नाही, ती तर जवळ आहे?’’ हाही नेहमीचा प्रश्न. इचलकरंजीचे माग मुख्यतः ताण्याबाण्याचं कापड विणतात. टी-शर्टचं कापड होजिअरीचं, एकाच सुताच्या फासात फास अडकवून केलेलं. त्याची यंत्रं वेगळी, त्याचं गाव वेगळं. ते गाव म्हणजे तमिळनाडूतलं तिरुपूर. तिथं सूत, विणकाम, रंगाई, शिलाई सगळं एका गावात होतं, म्हणून भाव उतरतो. आमच्या जिल्ह्यात कापूस पिकतो, गोकाकला घटप्रभेच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकात सूतगिरणी उभी राहिली, तरी टी-शर्टला तिरुपूर गाठावं लागतं. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी बोलूनही दाखवते.

आता हिशेबाकडं येते. समजा २०० टी-शर्ट घ्यायचेत आणि मोबाइलवर भाव ११५ दिसतोय. खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असतं. कपड्यांवर ५ टक्के. पूर्वी हा दर हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला आहे. तर २३,००० वर ११५० चढले, झाले २४,१५०. एक टी-शर्ट १९० ग्रॅमचा धरला तर माल ३८ किलो. कुरिअर किलोला ४० रुपये धरलं तर १५२० आणखी. एकूण २५,६७०, म्हणजे नग १२८ रुपये ३५ पैशांना पडला. त्यात सहा पीस डागाचे, भोकाचे निघाले आणि विकणारा परत घेत नाही म्हणाला, तर १९४ नगांवर तोच खर्च बसतो आणि भाव १३२ च्या वर जातो. शेजारच्या दुकानात १३० ला डोळ्यांदेखत मिळत असेल तर मग ११५ चं कौतुक कशाला? मंडळाकडं जीएसटी नंबर नसतो, त्यामुळं भरलेल्या कराचा एक पैसाही परत मिळत नाही. तो खर्चातच धरायचा.

कुरिअरचं आणखी एक. वजन काट्यावरचंच धरतील असं नाही. पुष्कळ कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि दोन्हींत जे जास्त येईल ते लावतात. ६० बाय ४५ बाय ४५ चं खोकं असं २४ किलोच्या वर जातं, आत माल १९ किलोचा असला तरी. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं, प्रत्येक टी-शर्टला वेगळी पिशवी नको, दाबून बांधा. पिशव्यांचे पैसेही वाचतात. आणि घाई नसेल तर ट्रान्सपोर्टनं, गोडाऊन डिलिव्हरीनं मागवायचं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, हातात घेऊन आपली गाडी घेऊन जायचं, मोजून घ्यायचं, खोकं फाटलेलं असेल तर सही करायच्या आधी पावतीवर तसं लिहायचं. माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन कागद, लागतं, ते विकणाऱ्यानं काढलंय का हे निघतानाच विचारायचं.

पैसे पाठवायच्या आधी विकणाऱ्याचा जीएसटी नंबर मागावा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघावा. फुकट आहे आणि मिनिटभराचं काम आहे. पहिले दोन आकडे राज्य सांगतात. आपलं, म्हणजे कर्नाटकचं २९, महाराष्ट्राचं २७, गोव्याचं ३०, तमिळनाडूचं ३३. ‘थेट तिरुपूरहून’ म्हणणाऱ्याचा नंबर ३३ नं सुरू होत नसेल तर तो मधला व्यापारी असण्याची शक्यता जास्त. मधला असणं हा गुन्हा नव्हे, पण मग भाव थेटचा आहे असं तरी म्हणू नये. कच्च्या बिलावर पाच-सहा रुपये कमी करतो म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. तक्रार करायची वेळ आली की हातात कागदच नसतो.

या नंबरांवरून सीमेवर राहणाऱ्यांची एक अडचण सांगितलीच पाहिजे. महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला बेळगावात येतात. बोली एक, सोयरीक एक. पण आमच्यासारखे छोटे व्यावसायिक पुष्कळदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या कर-योजनेत, असतात, आणि त्या योजनेत दुसऱ्या राज्यात माल पुरवता येत नाही. शेकडो मैलांवरच्या बिदरला मी छापलेले टी-शर्ट पाठवू शकते, चंदगडच्या मंडळाला पाठवू शकत नाही. आणि चंदगडचं पोरगं तिकडं मोबाइलवर बसून त्याच तिरुपूरहून माल मागवतं. छोट्या माणसासाठी ही अट सैल व्हायला हवी असं माझं प्रामाणिक मत आहे, निदान सीमेलगतच्या तालुक्यांपुरती तरी.

रंगांबद्दल सांगायचं तर पांढरा सगळ्यांत स्वस्त, गडद रंग महाग. गडद रंगाला रंग जास्त लागतो, धुणं जास्त लागतं आणि ते पाणी शुद्ध करायचा खर्च येतो. तिरुपूरच्या रंगशाळांचं पाणी नोय्यल नदीत जायचं. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्या बंद ठेवायचा आदेश दिला आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. गडद टी-शर्टला जे जास्तीचे रुपये लागतात त्यातले काही नदीसाठी आहेत. ते द्यायला मी कुणालाच का-कू करू देत नाही.

आमच्याकडं भगव्याला मागणी बारा महिने. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांपासून विसर्जनापर्यंत. पण मोबाइलच्या काचेवरचा भगवा आणि हातात आलेला भगवा यांत फार अंतर पडतं. कुठला केशरीकडं झुकतो, कुठला विटकरीकडं. रंगाच्या नावावर जाऊ नये, कापडाचा तुकडा मागवावा. आणि लागतील तेवढे सगळे एकाच वेळी घ्यावेत. मागून आणखी तीस मागवले तर ते दुसऱ्या लॉटचे येतात आणि ढोल-पथकाच्या रांगेत दोन भगवे उठून दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटी काळे टी-शर्ट लागतात आणि पिवळे-तांबडेही लागतात, कारण १ नोव्हेंबरला या शहरात एकीकडं मराठी भाषकांचा काळा दिन असतो आणि दुसरीकडं कर्नाटकचा राज्योत्सव. दोन्ही रंग तिरुपूरच्या एकाच पार्सलातून येतात. तेव्हा भाव कमी व्हायची वाट बघत बसलं तर काळा आणि पिवळा दोन्ही मिळत नाहीत.

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते मापात. ‘‘सगळ्यांना लार्ज टाका, होतंय’’ म्हणणारा एक तरी प्रत्येक मंडळात असतो. होत नाही. एका कंपनीचा लार्ज ४० इंच छातीचा असतो, दुसरीचा ४२. घाऊकवाले बऱ्याचदा मापांचा बांधलेला सेट देतात: एवढे मीडियम, एवढे लार्ज, एवढे एक्सेल. तो सेट विकणाऱ्याच्या सोयीचा असतो, आपल्या गल्लीच्या अंगाचा नसतो. गल्लीत तालमीतली पोरं असली की एक्सेल पुरत नाही. शाळकरी पोरं जास्त असली की स्मॉल संपतो. न बसलेले टी-शर्ट अध्यक्षाच्या कपाटात पडून राहतात आणि ऐनवेळी गावातून चढ्या भावानं आणावे लागतात. दरात केलेली बचत तिथं एका फटक्यात जाते.

मी प्रत्येक मापाचा एकेक पीस हँगरवर लावून मंडळाला देते. बैठकीत प्रत्येकानं घालून बघायचा, नावापुढं माप आणि मोबाइल नंबर लिहायचा, पैसेही तेव्हाच द्यायचे. पैसे दिलेला माणूस माप खरं सांगतो. ज्यांना डबल एक्सेल लागतो त्यांनी तो लाजून एक्सेल लिहू नये म्हणून मापाची यादी मोठ्यानं वाचायची नाही, कागद फिरवायचा. डबल एक्सेलला दहा-वीस रुपये जास्त पडतात. ते त्या माणसाच्या माथी न मारता सगळ्यांत वाटून घ्यावेत. मुली, बायका आता पथकांत भरपूर असतात. त्यांच्यासाठी वेगळ्या बेताचा कट मागवला तर तो त्या पुढंही घालतात. पुरुषांचा मीडियम दिला तर तो एकदाच घातला जातो.

पुढं घालतात, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मिरवणुकीचा टी-शर्ट मिरवणुकीपुरता कुणीच घालत नाही. खानापूरकडं तो भातलावणीला दिसतो, निपाणीकडं तंबाखूच्या शेतात दिसतो. आणि बेळगावात तो उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांत जातो. आमचं शहर फाउंड्रीचं, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचं. मंडळातली निम्मी पोरं सकाळी डबा घेऊन तिकडंच जातात, आणि अंगात गेल्या गणपतीचा नाहीतर क्रिकेट स्पर्धेचा टी-शर्ट असतो.

म्हणून नव्वदच्या टी-शर्टपाशी मी थांबते आणि थांबवते. त्या भावात मिळणारा माल बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, डॉट निट नाहीतर ड्राय-फिट. खेळायला तो उत्तम. घाम लवकर वाळतो, वजनाला हलका, आणि सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेनं रंग कापडात उतरवायची, रंगीत छपाई पॉलिस्टरवरच होते. फुटबॉल, कबड्डीच्या संघांना मी स्वतः तोच सुचवते. पण तापलेल्या लोखंडाचा थेंब सुती कापडावर पडला तर कापड जळून काळं पडतं, आणि पॉलिस्टरवर पडला तर ते वितळून कातडीला चिकटतं. चिकटलेलं सोलून काढताना कातडी निघते. कारखान्यानं संरक्षक कपडे द्यायलाच हवेत, पण त्यांच्या आतही हाच टी-शर्ट असतो. फाउंड्रीत जाणारी पोरं ज्या मंडळात आहेत त्या मंडळाला मी पॉलिस्टर देत नाही. तीस-चाळीस रुपये जास्त लागले तर वर्गणीच्या पुस्तकावर माझं नाव आधी लिहा म्हणते, छपाईत थोडं कमी करते, पण देत नाही.

छपाईच्या बाजूनंही त्यात तोटाच असतो. भगव्या किंवा लाल पॉलिस्टरवर पांढरी अक्षरं छापून भट्टीतून काढली की कापडाचा रंग उष्णतेनं उडून शाईत शिरतो आणि पांढरी अक्षरं गुलाबी होतात. ते टाळायला वेगळी शाई लागते, ती महाग. कोरा टी-शर्ट स्वस्त पडला आणि छपाई महाग पडली, तर वाचलं काय?

बचतीचा एक मार्ग मात्र मी सगळ्यांना हाताला धरून दाखवते. भाव नगांच्या टप्प्यांवर उतरतो: पन्नासचा वेगळा, शंभरचा वेगळा, तीनशेचा वेगळा. एका गल्लीचे ऐंशी असतात, शेजारच्या गल्लीचे शंभर, पलीकडच्यांचे सव्वाशे. तिघांनी एक ऑर्डर दिली तर तिघांनाही तीनशेचा भाव मिळतो आणि भाडं एकदाच पडतं. पुष्कळ विक्रेते रंग वेगवेगळे असले तरी नगांची बेरीज धरतात, फक्त विचारावं लागतं. अडचण असते ती मानाची. ऑर्डर कुणाच्या नावावर, पार्सल कुणाच्या दारात! यंदा तीन गल्ल्यांची पार्सलं आमच्या खोलीत उतरवायची ठरली आणि तो प्रश्न मिटला. सॅम्पल आषाढातच मागवून धुऊन झालंय. श्रावणात सगळ्या कर्नाटक-महाराष्ट्राची मंडळं एकदम तिरुपूरला फोन लावतात, तेव्हा जो भगवा हवा तो शिल्लक नसतो.

आणि हिशेबाच्या बैठकीत टी-शर्टचा भाव सांगताना कर, भाडं, हमाली, बाद नग सगळं धरून दारात पडलेला भाव सांगा, असं मी अध्यक्षांना म्हणते. वहीत पक्कं बिल चिकटवावं, सॅम्पलच्या कापडाचा एक तुकडा स्टेपल करावा, मापांची यादी ठेवावी, धुण्यानंतर किती आटलं ते लिहावं. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतो, वही मंडळाकडंच राहते.